कोटाचं पान

डिसेंबर लागला की माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते आणि अंगणात, उन्हात उघडली जाते. आधी वास बाहेर येतो, कोट मागून. त्या वासात करडीचं तेल आहे, वेखंड आहे, चुलीच्या धुराचा एक जुना पदर आहे, आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, एका जनावराचा वास आहे. तो इतक्या वर्षांत कोणालाही झाकता आलेला नाही.

यंदा पेटी शर्वरीने काढून दिली. शर्वरी म्हणजे माझी मुलगी. पुण्यात शिकली, तिथेच नोकरी केली, आता जर्मनीला निघाली आहे आणि जाण्यापूर्वी काही दिवस बुलढाण्याला राहायला आली आहे. मधल्या काळात तिने मांस तर सोडलंच, दूधही सोडलं. तिच्या चहात ओटपासून काढलेलं काहीतरी असतं. त्याला ती दूध म्हणते आणि मी काही म्हणत नाही. पेटीचं झाकण उघडलं तशी ती मागे सरकली. लहानपणी याच कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसून झोपणारी मुलगी, आज दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे कोणाचं आहे?"

कोट तिच्या आजोबांचा, हे तिला ठाऊक होतं. ती जनावराबद्दल विचारत होती.

ऐकताना माझं लक्ष उत्तराकडे नव्हतंच. हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदा विचारला गेला होता. तेव्हा बोली वेगळी होती आणि विचारणारीच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

कोट आमच्याकडे आला कसा, याच्या तीन हकिगती आहेत. बाबा कोर्टात कारकून होते. बदली झालेल्या एका साहेबाने बंगला सोडताना तो मागे ठेवला, ही पहिली. मलकापूर स्टेशनवर कोणा उत्तरेकडच्या प्रवाशाने तो विकला, ही दुसरी. तिसरी हकिगत बाबा फक्त पाहुण्यांना सांगत आणि तिच्यात एक कर्नल होता. कोणती खरी हे शोधायचा नाद मी केव्हाच सोडला. तीनही हकिगतींत कोट तोच आहे, एवढं पुरे.

खजुराच्या रंगाच्या कातड्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा, आत मळकट लाल रेशमी अस्तर. गळ्याशी फरची रुंद कॉलर, राखाडी-तांबूस, केसांची टोकं काळी. उचलला की एखादं झोपलेलं मूल उचलावं तसा हाताला जड. आणि अंगात घातला की बोलायचा. हात वर केला, कर्र. वाकलं, कर्र. थंडीच्या सकाळी पठारावरच्या धुक्यात बाबा दिसायच्या आधी त्यांचा कोट ऐकू यायचा.

सरकारी क्वार्टर्सच्या आमच्या लाइनीत स्वेटर होते, मफलर होते, घोंगड्या होत्या. असं काही कोणाकडे नव्हतं. एरवी बाबा मान थोडी खाली घालून चालत. साहेब लोकांपुढे रोज दिवसभर उभं राहणाऱ्याची मान जशी होते तशी. कोट चढवला की मान आपोआप वर येई. त्यात बाबांचा दोष नव्हता. ती कॉलरच अशी होती की हनुवटी खाली करायला जागा नसे. पुढे आयुष्यात मी पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली, व्यासपीठावरची, शालींखालची, आणि दर वेळी मनात आलं की यांच्याही मानेखाली असंच काहीतरी कडक शिवलेलं असणार.

"काय बापूसाहेब, आज निकाल का तारीख?" शेजारचे तलाठी कुंपणावरून ओरडत.

"तारीख," बाबा न थांबता म्हणत. "पुढच्या हिवाळ्याची."

लग्नाच्या मुलांचे फोटो काढायचे दिवस आले की लाइनीतून माणसं यायची. "काकू, जरा कोट मिळंन काय? पोराचा फोटो काढाचा हाय." स्टुडिओत पडद्यावर रंगवलेला कारंजा, पुढे खुर्ची, खुर्चीत मुलगा, आणि मुलाच्या अंगात भर मार्चमध्ये आमचा कोट. घाम पुसून, पावडर लावून, श्वास धरून काढलेले ते फोटो तालुक्यातालुक्यात फिरले. एकदा चिखलीकडच्या कोणा मुलीच्या वडिलांकडे दोन स्थळांचे दोन फोटो एकाच आठवड्यात पोचले, मुलगे वेगळे, कोट एक. ते गृहस्थ म्हणे म्हणाले, "कोटाचं घराणं चांगलं दिसते. पोरगा कोनता बी द्या."

घरात मात्र कोटाला प्रवेश नव्हता. तो आत्याचा कायदा.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती धाड गावाहून आमच्याकडे आली आणि आई शाळेत शिकवायला जात असल्यामुळे घराचा कारभार सहजच तिच्या हातात गेला. ती माळकरी. पायात रबरी चप्पल, चामडं कधी नाही. घड्याळाचा पट्टासुद्धा चामड्याचा असेल तर घालणाऱ्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून बोलायचं. कोट आला त्या दिवशी तिने बाबांना दारातच अडवलं, कॉलरकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "कोनाचं हाय हे?"

"माहा हाय," बाबा म्हणाले.

"तुहा कोट असंन. कातडं कोनाचं हाय?"

बाबांना ते माहीत नव्हतं. लाइनीत ज्याला त्याला विचारून झालं. कोणी मेंढी म्हणालं, कोणी हरणाचं पाडस. कॉलर अस्वलाची, उदमांजराची, कोल्ह्याची. तलाठ्यांनी आपल्या मेहुण्याची सांगितली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात, सायकलच्या वर, एक खिळा ठोकायला लावला. कोट तिथे. वर बारदानाचं पांघरूण. बाबांनी संध्याकाळी घरी आल्यावर आधी कोट काढायचा, मग वहाणा, मग हातपाय धुवायचे आणि मग माणसात यायचं.

बाबा वाद घालत. ते कोर्टातले. "अक्का, तुह्या भजनात पखवाज असते. तो काय भोपळ्याचा हाय? चामडंच हाय ना?"

आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "पखवाज देवाचं नाव घेते. तुहा कोट कोनाचं नाव घेते?"

 एकदा त्यांनी दुसरा मुद्दा आणला. "अन् तुहं सोवळं? रेशमी हाय. किती किडे उकळले असतीन त्याच्यासाठी?"

 ते रेशमी सोवळं दुसऱ्याच दिवशी पेटीत गेलं आणि पुन्हा कधी निघालं नाही. पुढे ती पूजेला सुती धुवट पातळ नेसू लागली. बाबांना जिंकल्याचा आनंद झाला नाही. मला वाटतं, त्यांना तिच्याशी भांडायचं होतं, तिला हरवायचं नव्हतं.

खिळ्यावरचा कोट माझ्या उंचीला बरोबर पडे. शाळेतून आल्यावर बारदान बाजूला सारून मी कॉलरमध्ये तोंड घालायची. बाहेर ऊन असो, वारा असो, आत कायम संध्याकाळ. गालाला लागणारे ते केस एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने किंचित चिडलेले. खिशात हात घातला की तळाशी शेंगदाण्याची सालं. बाबा बाजारातून गरम भाजलेल्या शेंगा त्याच खिशातून आणत. त्या शेंगांना चामड्याची एक तुरट चव लागायची आणि आम्हाला तीच हवी असायची. आत्याच्या वाट्याच्या शेंगा ती पाण्याने धुऊन घ्यायची. भाजलेल्या शेंगा धुऊन खाणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

फेब्रुवारी सरता सरता बाबा कोटाला करडीचं तेल लावत. शेतकऱ्याच्या घरचे ते. आजोबांच्या विहिरीवर चामड्याची मोट होती, तिला दर साल तेल पाजलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. चामडं म्हटलं की तेल, एवढंच त्यांना ठाऊक. साहेबांच्या कोटाला आणि विहिरीच्या मोटेला एकच औषध. पहिल्या वर्षी त्यांनी इतकं तेल चोळलं की पुढच्या हिवाळ्यात कोट घालून निघाले तेव्हा लाइनीतली सगळी कुत्री शेपट्या हलवत कोर्टापर्यंत मागे गेली आणि फाटकापाशी बसून राहिली. त्या दिवशी कोर्टात बाबांना पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "आज काय मिरवणूक हाय काय?" तेल त्यांनी सोडलं नाही, थोडं कमी केलं. कोट आजही वाळलेल्या पानासारखा तडकलेला नाही, याचं श्रेय मी मोटेला देते.

मग ती संध्याकाळ.

आत्याच्या नणंदेकडे आम्ही धाड गावी गेलो होतो. बाबा, आत्या आणि मी. बाजाराचा दिवस. परतताना एस.टी. चुकली म्हणून जीपमध्ये बसलो. जीप सुटायला सूर्य बुडाला, कारण भरल्याशिवाय ती हलत नसे आणि भरली हे फक्त ड्रायव्हरला कळत असे. मागच्या ताडपत्रीला फाटलेली झडप होती, ती सारखी फडफडत होती. गाव मागे पडलं आणि वारा आत शिरला. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी, वर एकेक तारा, आणि ती थंडी, जी नाकातून आत जाऊन दातांच्या मुळांशी बसते.

आत्याला दमा होता. हिवाळ्यात तिच्या छातीत एक बारीक शिट्टी वाजायची. घरी आम्हाला तिची सवय होती, शेजारच्या खोलीतल्या घड्याळासारखी. आत्याने आपली शाल काढून मला गुंडाळली होती आणि स्वतः पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसली होती. जीपने चढ घेतला आणि शिट्टी मोठी झाली. मग मधे मधे थांबू लागली. शिट्टी थांबली की मला जास्त भीती वाटायची.

बाबांनी कोट काढला. "घे अक्का."

तिने मान हलवली. नाही.

"अक्का, घाल म्हन्तो ना. छाती पाय कशी वाजून राह्यली."

"वाजू दे." दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागला.

समोर मिरच्यांच्या पोत्यावर बसलेला एक माणूस मघापासून कोटाकडे बघत होता. "मावशी, घाला हो. कोट काय चावते काय?"

"चावत नाई म्हनूनच तं," आत्या म्हणाली. "जिता असता तं चावला असता. आता बिचाऱ्याले चावता बी येत नाई."

"मंग मले द्या," तो म्हणाला. "म्या चावून घेतो." जीपमधले लोक हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी कोट परत अंगात घातला नाही. दोघांच्या मधे, बाकावर ठेवून दिला. "तू नाई घालत तं मी बी नाई घालत."

"येडा हायस काय बे तू? सदऱ्यावर बसून राह्यला."

"बसतो."

आणि बसले. एका बाजूला पदर ओढलेली बहीण, दुसऱ्या बाजूला सदऱ्यावरचा भाऊ, आणि मधे कोट, बाह्या पोटाशी घेऊन, स्वतःच्याच उबेत. जीपमधली सगळ्यात उबदार जागा त्या कोटाच्या आत होती आणि तिथे कोणीच नव्हतं. मिरचीवाल्याचं हसू ओसरलं. त्यानेही पोत्यावरून थोडं पुढे सरकून फाटलेली झडप हाताने धरून ठेवली. रस्ता वळत राहिला. बाबांचे दात वाजायला लागले ते मला ऐकू आलं, आणि आत्यालाही.

मी शाल काढून तिच्याकडे दिली. तिने ती परत माझ्याभोवती गुंडाळली, जरा रागानेच. तिची बोटं बर्फासारखी होती. मग ती बराच वेळ कोटाकडे बघत राहिली. अंधारात तिला काय दिसत होतं कोण जाणे.

"बापू," ती म्हणाली. "मानसाची तिथी माईत नसंन, तं त्याचं काय करतात?"

बाबांना वाटलं, हिचं डोकं भलतीकडे चाललं. "अक्का, बोलू नोको. दम लागते."

"सांग ना बे."

"सर्वपित्रीले पान वाढतात."

"मंग याचं बी वाढीन." तिने हात पुढे केला. "भादव्यात वाढीन म्या याचं पान. असंच फुकटात कोनाचं अंग पांघराचं नाई. दे आता."

बाबांनी कोट तिच्या खांद्यांवर टाकला. त्यांची बोटं गारठून आखडली होती म्हणून बाह्या नीट सापडत नव्हत्या. मिरचीवाल्याने मदत केली. कॉलर वर केल्यावर तिच्यात आत्याचा चेहरा जवळजवळ दिसेनासा झाला. मग त्या केसांच्या आतून आवाज आला, "अन् कॉलरवाल्याचं अलग वाढाचं. थो दुसरा दिसते."

शिट्टी हळूहळू बारीक झाली. बुलढाण्याचे दिवे दिसेपर्यंत ती पुन्हा शेजारच्या खोलीतल्या घड्याळाइतकी झाली होती.

दिलेला शब्द आत्या विसरणारी नव्हती. भाद्रपदातल्या अमावास्येला, ज्यांच्या मृत्यूची तिथी कोणालाच ठाऊक नाही अशा सगळ्या पितरांसाठी जेव्हा पानं वाढतात, तेव्हा तिने आमच्या पितरांच्या पत्रावळींनंतर दोन पत्रावळी वेगळ्या मांडल्या. आई म्हणाली, "लोक हसतील." आत्या म्हणाली, "हसू दे. हसाले पैसे लागत नाईत."

अडचण वेगळीच होती. वाढायचं काय? अंगाचं कातडं मेंढीचं धरलं, तिचं सोपं होतं. कोवळ्या ज्वारीचे चार धांडे, वर भाकर. कॉलरवाल्याचं काय? आत्याने मनाशी ठरवलं होतं की तो कोल्हा. आणि कोल्ह्याला जे आवडतं ते माळकरणीच्या स्वयंपाकघरात शिजणार नव्हतं.

"मटन तं मी वाढनार नाई," तिने पत्रावळीला समोरासमोर सांगितलं, एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं. मग डब्यातून मूठभर वाळलेली बोरं काढली. हिवाळ्यात पत्र्यावर वाळवून तिने ती याच दिवसासाठी जपून ठेवली होती. "आपल्या वावरात लहानपनी पायलं हाय म्या. बोरीखाली येत रायते थो. गोड लागतात त्याले."

पितरांच्या पानांना कावळे लगेच शिवले. या दोन पानांकडे कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ऊन चढलं. बाबा दारात उभे, आत्या पायरीवर बसलेली, कोणी जेवलेलं नाही. मग तलाठ्यांची शेळी दोर तोडून आली. आधी तिने ज्वारीचे धांडे संपवले, मग भाकर, मग शांतपणे दुसऱ्या पत्रावळीकडे वळली, बोरं खाल्ली, आणि शेवटी पत्रावळही खाल्ली.

बाबा हाकलायला धावले. आत्याने त्यांना हाताने थांबवलं. तिचा चेहरा उजळला होता.

"राहू दे. घरचंच कोनीतरी आलं," ती म्हणाली आणि उठून पानं वाढायला आत गेली.

त्यानंतर कोट व्हरांड्यातून घरात आला. स्वयंपाकघरात कधीच नाही, पण पुढच्या खोलीत, दाराच्या मागे. हिवाळ्याच्या सकाळी आत्या तो घालून अंगणात उन्हाला बसायची. आई म्हणे, राणी दिसता. बाबा म्हणत, "अक्का, जज दिसून राह्यली."

"जज असती तं पयले तुलेच शिक्षा देली असती."

मला ती राणी किंवा न्यायाधीश अशी काहीच वाटायची नाही. कोल्ह्याच्या त्या दाट कॉलरवर तुळशीची माळ पडलेली असायची, मण्यांमध्ये केस अडकलेले, आणि मधूनमधून ती एका बोटाने, नकळत, केस सुलट्या दिशेने बसवत राहायची. कोवळं ऊन त्या टोकांवर थांबायचं. आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींची मला कोणी विचारणा केली तर मी अजिंठ्याच्या आधी हे सांगेन. कोट तिने उपभोगला. हे मुद्दाम लिहिते आहे. ती सहन करत नव्हती, औषध म्हणून घालत नव्हती. तिला तो आवडायचा. त्याची ऊब, त्याचं वजन, हात वर केल्यावर येणारा तो आवाज. "थो कुठी हाय?" म्हणून विचारायची, जसं घरातल्या पुरुषाबद्दल विचारतात. तिने आवडीची किंमत ठरवली होती आणि ती दर साल भरत होती. एवढा फरक.

पुढे नोकरीत, वाचनात, परिसंवादांत मी या विषयावरचं दोन्ही बाजूंचं पुष्कळ ऐकलं. कातडी मिरवणारे ऐकले, कातडी सोडल्याचं मिरवणारेही ऐकले. दोघांच्याही गळ्याशी मला तीच ताठ कॉलर दिसत राहिली. जनावराला उद्देशून कोणी काही बोलल्याचं मात्र आठवत नाही. ते फक्त आत्या बोलायची, अमावास्येला, पत्रावळीशी.

आत्या एका उन्हाळ्यात गेली. मग बाबा. क्वार्टर गेलं, आम्ही गावातच घर बांधलं. पानं वाढायचं काम माझ्याकडे आलं, आणि देवाधर्माशी माझं फारसं जमत नसूनही मी ते करत राहिले. हिवाळ्यात बोरं वाळवायची, बरणीत भरायची, भाद्रपदात काढायची. शर्वरी लहानपणापासून ती दोन पानं पाहत आली, पण तिने कधी काही विचारलं नाही. घरात जे घडतं ते सगळ्यांच्याच घरी घडत असेल, असं मुलं धरून चालतात.

म्हणून यंदा, अंगणात उन्हात, मी तिला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, अजूनही हात पाठीमागे.

"गोष्ट छान आहे," ती म्हणाली. "पण त्याला कोणी विचारलं होतं का? मारायच्या आधी?"

"नाही."

"मग बोरांनी काय होतं?"

 मी कोट किती टिकला ते सांगितलं. दोन मेलेल्या जनावरांनी तीन पिढ्यांना ऊब दिली, आणि तुझं ते जॅकेट चार वर्षांत फाटून कुठल्यातरी नदीत जाईल. तिने जर्मनीसाठी एक जॅकेट घेतलं आहे, फुगलेलं, निळं, कोणालाही न मारता बनवलेलं. ते झिरझिर वाजतं. नदीचा मुद्दा तिला लागला, हे दिसलं. पण ती बधली नाही. "तू ठेव ना, आई. मी काही म्हणत नाही. फक्त मला घालायला सांगू नकोस."

मी सांगणार होते. इतक्या थंडीच्या देशात चाललेल्या मुलीला, पेटीतून काढून हाच द्यायचा, असं मी वर्षभर मनात ठरवलं होतं. तेल लावून ठेवलं होतं. आता तो परत पेटीत घालायचा, आणि माझ्यामागे ना कोट कोणाच्या अंगावर चढणार, ना पान कोणी वाढणार. एक दिवस बोरांच्या बरणीचं झाकण सैल दिसलं, तेव्हा मला मुंग्यांचा संशय आला. झाकण घट्ट केलं आणि तो विषय तिथेच सोडला.

ती निघाली ती पहाट. मलकापूरहून आगगाडी होती. आमच्याकडे रेल्वे नाही, त्यामुळे कुठेही जायचं तर आधी घाट उतरायचा. भाड्याची मोटार सांगितली होती, तिची मागची एक काच वर जात नव्हती. मी कोट बरोबर घेतला होता, सवयीने. दोन हिवाळ्यांपासून माझीही छाती धरते, आत्याचं तेवढं माझ्याकडे आलं आहे. पण गाडीत बसल्यावर शेजारी शर्वरी तिच्या निळ्या जॅकेटमध्ये, आणि शेवटच्या तासाभरात तिच्या नाकाशी हा वास आणायला मन होईना. मी कोट मधे ठेवला आणि शाल ओढून बसले. घाटाला लागलो तसा त्या उघड्या काचेतून वारा आला. खाली धुकं साचलेलं होतं. पहिल्या वळणावर मला माझी शिट्टी ऐकू आली.

शर्वरीलाही आली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कोटाकडे. मी काचेबाहेर पाहत होते.

"आई, पुढे वाक," ती म्हणाली.

तिने कोट दोन्ही हातांनी उचलला. माझ्या खांद्यांवर टाकला, एकेक बाही शोधून हात आत घातला, आणि कॉलर वर केली. करताना केस एका बोटाने सुलट्या दिशेने बसवले. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

"त्याचा वास येईल," मी म्हटलं. "तुला चालत नाही ना."

"मला चालत नाहीच. तू घाल. पान मी वाढेन."

मला नीट कळलं नाही. तिने पायाशी ठेवलेल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याची चेन उघडली आणि एक छोटी पुरचुंडी दाखवली. फडक्यात बांधलेली वाळलेली बोरं. बरणीला मुंग्या लागल्या नव्हत्या.

कोट आतून तापायला लागला होता. शिट्टी बारीक होत होती. घाट संपत आला आणि मला एक शंका आली. तशी शंका आत्यालाच यायला हवी होती.

"तिथे कावळे असतील ग. पण त्या पानांना कावळे शिवत नाहीत. अन् त्या शहरात शेळी कुठून आणशील?"

"शेळी नाही," शर्वरी म्हणाली. पुरचुंडी परत कप्प्यात ठेवून तिने चेन लावली. "पण मी जिथे राहणार आहे ना, तिथे संध्याकाळी कोल्हे फिरतात म्हणे. रस्त्यावरून, अगदी दारापर्यंत येतात."

मी कॉलरमध्ये हनुवटी घातली. आत तोच वास होता, तळाशी असलेला.

"मग झालं तर," मी म्हटलं. "घरचंच कुणीतरी येईल."